बोरिस कार्लॉफ: चेहरा झाकून अभिनय कसा करतात

दार उघडतं आणि राक्षस आत येतो तो पाठमोरा. आधी दिसतात रुंद खांदे आणि चपट्या डोक्याची मागची बाजू. मग तो सावकाश वळतो. चेहरा अर्ध्या उजेडात आला की कॅमेरा एकदम जवळ जातो, मग आणखी जवळ, आणि तिसऱ्यांदा थेट डोळ्यांवर. 1931 च्या ‘फ्रँकेन्स्टाईन’मध्ये सुरुवातीची आणि शेवटची नावं सोडली तर पार्श्वसंगीत नाहीच, त्यामुळे घाबरायचं की नाही हे सांगायला व्हायोलिनही नाही.

थोड्या वेळाने डॉक्टर छतातली झडप उघडतो. वरून उजेड पडतो, राक्षस मान वर करतो आणि दोन्ही हात उजेडाकडे उचलतो, जणू ती हातात धरता येणारी वस्तू आहे. झडप बंद होते. हात क्षणभर तसेच राहतात, मग तळवे उघडे ठेवून खाली येतात, मागणाऱ्या माणसासारखे. या सबंध प्रसंगात त्याला एकही वाक्य नाही. भयपटातला उत्तम अभिनय म्हणजे काय, हे ज्याला समजून घ्यायचं असेल त्याने ही दोन-तीन मिनिटं आवाज बंद करून दोनदा पाहावीत.

(राक्षसालाच फ्रँकेन्स्टाईन म्हणायची सवय आता जगभर पक्की झाली आहे. ते नाव डॉक्टरचं. राक्षसाला नाव नाही. सिनेमाच्या सुरुवातीच्या नामावलीत तर नटाचंही नाव नाही, तिथे फक्त प्रश्नचिन्ह आहे. कार्लॉफचं नाव येतं ते शेवटच्या नामावलीत.)

हे काम करणारा माणूस तेव्हा 43 वर्षांचा होता आणि त्याच्या नावावर सत्तरहून अधिक सिनेमे होते. तरी त्याला रस्त्यात कोणी ओळखत नव्हतं. चरित्र अभिनेत्याचं आयुष्य असंच असतं. प्रमुख नटाला वर्षाला दोन-तीन चित्रपट मिळतात आणि प्रत्येकात तो तोच असतो. चरित्र अभिनेत्याला आठ-दहा मिळतात, प्रत्येकात दोन-चार दिवसांचं काम, आणि दर वेळी वेगळा माणूस. या धावपळीत तो एक गोष्ट शिकतो: कमी वेळात, कमी शब्दांत, कोपऱ्यात उभं राहून आपल्याकडे बघायला लावणं.

नगरचा धागा

बोरिस कार्लॉफ हे नाव घेतलेलं. जन्मनाव विल्यम हेन्री प्रॅट, जन्म 23 नोव्हेंबर 1887, लंडन. नऊ भावंडांत शेंडेफळ. वडील एडवर्ड प्रॅट हिंदुस्थानात ब्रिटिश सरकारच्या मीठ खात्यात नोकरीला होते. आई एलिझा मिलर्ड 1848 मध्ये मुंबईत जन्मली आणि तिचं लग्न सुरतेला झालं. आईची सख्खी मावशी म्हणजे सयामच्या (आताच्या थायलंडच्या) राजवाड्यात शिक्षिका म्हणून गाजलेली ॲना लिओनोवेन्स, आणि ही ॲना 1831 मध्ये अहमदनगरला जन्मली. हॉलिवूडच्या सर्वांत प्रसिद्ध राक्षसाचं आजोळ असं आपल्या नगर-मुंबईत निघतं.

घराणं अँग्लो-इंडियन असल्याने कार्लॉफचा वर्ण सावळा होता. याचा परिणाम थेट कामावर झाला. 1909 मध्ये तो कॅनडाला गेला, अंगमेहनतीची कामं केली, फिरत्या नाटक कंपन्यांत शिरला आणि पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस हॉलिवूडच्या मूकपटांत आला. तिथे या रंगाला काम होतं, पण ठरावीक: अरब, मेक्सिकन, रेड इंडियन, हिंदू पुजारी. म्हणजे नटावर शिक्का बसतो तो भयपटानेच असं नाही. याच्यावर तो आधीच बसला होता, फक्त वेगळ्या शाईचा.

1931 च्या ‘द क्रिमिनल कोड’ने वळण दिलं. हीच भूमिका त्याने आधी रंगमंचावर केली होती. गॅलोवे नावाचा कैदी चुगलखोराला मारायला येतो. हॉवर्ड हॉक्सने कॅमेरा ठेवला तो कार्लॉफच्या पाठीमागे. आपल्याला दिसतं काय, तर एक पाठ, सावकाश टाकलेली पावलं आणि समोर मागे मागे सरकणाऱ्या माणसाचा चेहरा. दार लागतं, खून आपल्याला दिसत नाही. त्याच वर्षी ‘फ्रँकेन्स्टाईन’चा दिग्दर्शक जेम्स व्हेलने कार्लॉफला स्टुडिओच्या कँटीनमध्ये हेरलं. राक्षसाचा पाठमोरा प्रवेश व्हेलने तिथूनच उचलला असं म्हणायला पुरावा नाही, पण हे दोन प्रसंग लागोपाठ पाहिले की हा नट पाठीने बोलू शकतो एवढं नक्की कळतं.

चार तासांची रंगभूषा

राक्षसाचा चेहरा घडवला जॅक पिअर्स या रंगभूषाकाराने. तेव्हा आजच्यासारखे साच्यातून काढलेले रबरी मुखवटे नव्हते. रोज सकाळी डोकं नव्याने बांधावं लागे आणि त्याला सुमारे चार तास लागत.

मुख्य सामान दोनच गोष्टी: कापूस आणि कोलोडियन. कोलोडियन म्हणजे नायट्रोसेल्युलोज ईथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवून केलेला चिकट द्रव. मूळचं हे औषधांच्या कपाटातलं, जखमेवर पापुद्रा धरण्यासाठी. ईथर उडून जातं आणि मागे कडक पातळ पडदा उरतो. रंगभूषेत कापसाचा विरळ थर ठेवायचा, त्यावर ब्रशने कोलोडियन फिरवायचं, पूर्ण वाळू द्यायचं, मग पुढचा थर. असे थर चढत चढत कपाळाची भिंत उभी राहते.

इथे घाई चालत नाही. एकदम जाड थर दिला तर वरून वाळतो, आत ओला राहतो, आणि दिव्यांच्या उष्णतेत फुगून सुटतो. कोलोडियन वाळताना आकसतं, म्हणून कडा नीट विरळ केल्या नाहीत तर कातडी ओढली जाते आणि जोड कॅमेऱ्यात दिसतो. वाफ डोळ्यांना झोंबते. ईथर भुरकन पेट घेतं, त्यामुळे जवळपास काडी ओढायची सोय नाही. शिवाय संध्याकाळी हे सगळं कातडीवरून काढायला पुन्हा दीड तासाच्या आसपास वेळ जायचा.

डोकं चपटं का? पिअर्सचं उत्तर साधं होतं. मेंदू बसवायला कवटी उघडायची तर डॉक्टरला सोपं काय, तर वरून सरळ आडवी कापायची आणि पातेल्याच्या झाकणासारखी परत बसवायची. म्हणून माथा सपाट, कपाळावर कापल्याची कड आणि ती धरायला चिमटे. मानेच्या दोन्ही बाजूंना दिसतात ते बोल्ट नव्हेत, वीज आत सोडायची टोकं आहेत. प्रत्येक विचित्र गोष्टीमागे कारण असल्यामुळे हा चेहरा आज नव्वद वर्षांनीही हास्यास्पद वाटत नाही. नुसतं भयानक दिसावं म्हणून चिकटवलेल्या शिंगांचं आणि सुळ्यांचं आयुष्य फार कमी असतं.

रंग हिरवट राखाडी होता, पण तो राक्षस हिरवा दाखवायला नव्हे. काळ्या-पांढऱ्या फिल्मवर तो रंग प्रेताच्या फिकटपणासारखा उमटतो. पुढे रंगीत पोस्टरांनी आणि खेळण्यांनी हिरवा रंगच खरा मानला आणि राक्षस कायमचा हिरवा झाला.

आता नटाचा वाटा. चाचणीच्या वेळी आरशात पाहताना कार्लॉफला आपले डोळे फार जागे, फार हुशार वाटले. नुकत्याच जिवंत झालेल्या देहाला असे डोळे शोभत नाहीत. त्याने पिअर्सला सुचवलं की वरच्या पापण्यांवर मेण लावू. प्रेतं सजवणारे वापरतात तसलं मेण लावलं गेलं, पापण्या जड झाल्या, आणि नजर अर्धवट झोपेतली दिसू लागली. दुसरी सूचनाही त्याचीच: तोंडात एका बाजूला काढता येणारा दातांचा ब्रिज होता, तो त्याने काढून ठेवला. तेवढ्याने गाल आत गेला. एका नटाने चेहऱ्यावर काही न चढवता, उलट स्वतःचंच काहीतरी काढून, चेहरा बदलला.

कपड्यांतही असाच हिशेब. कार्लॉफची उंची 5 फूट 11 इंच, म्हणजे राक्षस म्हणावा अशी नव्हे. डांबरी रस्त्यावर काम करणारे घालतात तसले जाड तळाचे बूट दिले, एकेक साधारण 6 किलोचा. कोटाच्या बाह्या मुद्दाम आखूड शिवल्या, म्हणजे मनगटं बाहेर येऊन हात लांब वाटतात. खांद्यांत भरण घातलं. 6 किलोचा बूट उचलायचा तर गुडघ्यातून पाय वळवण्यापेक्षा कमरेतून ओढणं सोपं जातं, आणि मग ती चाल आपोआप येते. पुढे या चालीची नक्कल करणाऱ्या बहुतेकांनी हात सरळ पुढे काढून चालायला घेतलं. कार्लॉफ तसा चालत नाही. त्याचे हात बहुतेक वेळ खाली असतात, आणि उचलले तर कशासाठी तरी उचललेले असतात.

बिघडलं ते काय

चित्रण ऑगस्ट-सप्टेंबर 1931 चं, कॅलिफोर्नियाच्या उन्हाळ्यातलं. आतून भरण, वरून लोकरी कोट, डोक्यावर हवा न जाणारं कापूस-कोलोडियनचं टोपण. घाम आत साचायचा. पापण्यांवरचं मेण मऊ होऊन त्याचे कण डोळ्यांत जायचे. पवनचक्कीच्या प्रसंगात राक्षस डॉक्टरला खांद्यावर टाकून चढण चढतो, आणि व्हेलने ते पुन्हा पुन्हा करून घेतलं. कार्लॉफच्या पाठीचं दुखणं तिथपासून मागे लागलं. पुढे शस्त्रक्रिया झाल्या, तरी ते सुटलं नाही.

तेव्हा नटाच्या कामाच्या तासांना मर्यादा नव्हती. रंगभूषेचे चार तास, चित्रणाचे दहा-बारा, काढण्याचा दीड, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा खुर्चीत. 1933 मध्ये स्क्रीन ॲक्टर्स गिल्ड ही नटांची संघटना उभी राहिली तेव्हा कार्लॉफ सुरुवातीच्या सभासदांत होता, सभासद क्रमांक 9. स्टुडिओंनी संघटनेला मान्यता दिली ती 1937 मध्ये. पहिल्या चार वर्षांत सभासद होणं म्हणजे मालकाच्या डोळ्यावर येणं होतं.

तळ्याकाठचा प्रसंगही बिघडला, पण तो कात्रीने. लहान मुलगी आणि राक्षस पाण्यात फुलं सोडतात, ती तरंगतात. फुलं संपतात. मुलगीही तरंगेल असं समजून तो तिला पाण्यात टाकतो, ती बुडते, आणि तो घाबरून हात झाडत पळतो. हे पाहवणार नाही म्हणून अनेक ठिकाणी तो तुकडा कापला, नेमका राक्षस मुलीकडे हात नेतो तिथे. पुढच्या दृश्यात बाप मुलीचं प्रेत घेऊन गावात येतो. मधलं नसल्यामुळे प्रेक्षकाने मूळ प्रसंगापेक्षा कितीतरी ओंगळ काहीतरी गृहीत धरलं. अजाणतेपणी झालेली चूक जाऊन हेतुपूर्वक केलेलं दुष्कृत्य उरलं. तो तुकडा 1980 च्या दशकात परत जोडला गेला. आता पाहताना आपण कोणती प्रत पाहतोय हे तपासून घ्यावं: मुलीला पाण्यात टाकलेलं दिसत नसेल तर ती कापलेली प्रत.

1932 च्या ‘द ममी’त पिअर्सने आणखी पुढची पायरी गाठली. अंगभर कुजवलेल्या कापडाच्या पट्ट्या, चेहऱ्यावर कापूस-कोलोडियन, केसांत माती. सुमारे आठ तास. आणि हे सारं पडद्यावर दिसतं एका प्रसंगापुरतं. तोही कसा, तर उभ्या शवपेटीत पापणी किंचित उघडते, छातीवरचा हात हळूच खाली घसरतो, टेबलावरच्या गुंडाळीवर हात पडतो आणि शेवटी जमिनीवरून सरपटत जाणारं पट्टीचं टोक. चालणारी ममी आपण पाहिलीच नाही, तरी पाहिल्याची आठवण राहते. उरलेल्या सिनेमात तोच नट सुरकुतलेल्या चेहऱ्याचा, ताठ उभा राहणारा, हळू बोलणारा गृहस्थ आहे, आणि त्याची भीती येते ती त्याच्या न हलण्यातून.

‘ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाईन’मध्ये (1935) राक्षसाला बोलायला लावलं. कार्लॉफला ते पटलं नव्हतं. त्याचा एक परिणाम डोळ्यांना दिसतो: बोलायचं तर दातांचा ब्रिज तोंडात हवा, म्हणून या सिनेमात गाल भरलेला आहे. दोन्ही सिनेमांतले जवळचे फोटो शेजारी ठेवले की फरक लगेच कळतो. बोलण्याबाबत मात्र तो चुकला असं वाटतं. आंधळ्या म्हाताऱ्याच्या झोपडीत भाकरी, दारू आणि मैत्री यांची नावं शिकणारा राक्षस या मालिकेतला सर्वांत हृद्य भाग आहे. राक्षसाची भूमिका त्याने सिनेमात एकूण तीनदाच केली. तिसरी 1939 ची ‘सन ऑफ फ्रँकेन्स्टाईन’, आणि त्यानंतर या पात्रात आता काही उरलं नाही म्हणून ती थांबवली.

शिक्का वापरायचा कसा

स्टुडिओच्या करारात ‘ऑप्शन’ नावाचं कलम असे. ठरावीक मुदतीने स्टुडिओ नटाला ठेवू किंवा सोडू शके, नटाला मात्र सोडून जाता येत नसे. दुसऱ्या स्टुडिओला तो भाड्याने देता येई. ‘द मास्क ऑफ फू मांचू’साठी युनिव्हर्सलने, म्हणजे ‘फ्रँकेन्स्टाईन’ काढणाऱ्या स्टुडिओने, कार्लॉफला असंच एमजीएम या दुसऱ्या स्टुडिओला दिलं. चिनी खलनायकाची ती भूमिका आज पाहवत नाही, तिच्यातला वंशद्वेष अगदी उघडा आहे.

भयपट ही बाजारातली लाटही होती. ब्रिटनमध्ये ‘एच’, म्हणजे हॉरर, अशी खूण लागू झाली आणि तिथला बाजार आकसला. 1936 मध्ये युनिव्हर्सल लेम्ले कुटुंबाच्या हातून गेली, आणि नव्या मालकांना राक्षसांत रस नव्हता. दोन वर्षं भयपट जवळजवळ बंद. एकाच साच्याच्या नटाची अशा वेळी उपासमार होते. कार्लॉफ कमी खर्चाच्या मालिकेत मिस्टर वाँग हा गुप्तहेर झाला. 1938 मध्ये लॉस एंजेलिसच्या एका थिएटरने जुने ‘ड्रॅक्युला’ आणि ‘फ्रँकेन्स्टाईन’ एकत्र लावले, रांगा लागल्या, आणि लाट परत आली. मग कोलंबिया कंपनीसाठी त्याने वेड्या शास्त्रज्ञाच्या भूमिका एकामागून एक केल्या. त्यांची कथा एकच: भला डॉक्टर, अर्धवट प्रयोग, फाशी, सूड. एक पाहिला की पुरे.

खरी हुशारी दिसली ती रंगमंचावर. 10 जानेवारी 1941 ला न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर ‘आर्सेनिक अँड ओल्ड लेस’ आलं. त्यात जोनाथन हा खुनी आहे, त्याच्या चेहऱ्यावर दारुड्या डॉक्टरने शस्त्रक्रिया केली आहे, आणि चेहरा बोरिस कार्लॉफसारखा झाल्याचं कोणी म्हटलं की तो पिसाळतो. ही भूमिका स्वतः कार्लॉफनेच करायची! आपल्या शिक्क्यावर आपणच हसलो की तो शिक्का राहत नाही, भांडवल होतं. भांडवल शब्दशःही, कारण नाटकात त्याने पैसेही गुंतवले होते. नाटकाचे 1,444 प्रयोग झाले. सिनेमा मात्र त्याच्याशिवाय निघाला, कारण नाटकाची तिकिटं त्याच्या नावावर विकली जात होती.

एकच कार्लॉफ पाहायचा असेल तर राक्षस बाजूला ठेवून 1945 चा ‘द बॉडी स्नॅचर’ पाहावा. निर्माता व्हॅल ल्यूटन, दिग्दर्शक रॉबर्ट वाइज. पाठीच्या शस्त्रक्रियेसाठी ‘आइल ऑफ द डेड’चं चित्रण मध्येच थांबवलेलं होतं, त्या खंडात हा सिनेमा झाला. एडिंबरोमधला टांगेवाला ग्रे वैद्यकीय शाळेला प्रेतं पुरवतो. इथे कापूस नाही, मेण नाही, फक्त उंच टोपी आणि थोडी दाढी. सुरुवातीलाच तो एका पांगळ्या मुलीला गाडीतून उचलून घोड्याची ओळख करून देतो, आणि हे प्रेमळपण खोटं नाही. पुढे रात्री रस्त्यावर गाणारी एक भिकारी मुलगी कमानीच्या अंधारात शिरते, मागून ग्रेची गाडी जाते. कॅमेरा हलत नाही. गाणं ऐकू येत राहतं, आणि एका ओळीच्या मध्यात तुटतं. तोच माणूस, तीच प्रेमळ चाल. खुनी आणि प्रेमळ अशी दोन माणसं त्याने वेगळी रंगवलीच नाहीत, म्हणून अंगावर काटा येतो.

पुढची वीस वर्षं थोडक्यात. 1950 मध्ये ब्रॉडवेवर ‘पीटर पॅन’मधला कॅप्टन हुक. 1957 पासून युनिव्हर्सलचे जुने भयपट 52 सिनेमांच्या गठ्ठ्याने अमेरिकी दूरचित्रवाणीला विकले गेले, आणि नव्या पिढीची मुलं या म्हाताऱ्याला घरबसल्या ओळखू लागली. 1960 ते 62 ‘थ्रिलर’ मालिकेचा सूत्रधार. 1966 मध्ये नाताळचा द्वेष करणाऱ्या ग्रिंच या पात्राच्या कार्टूनला आवाज, आणि त्या ध्वनिमुद्रिकेला ग्रॅमी. त्यातलं गाजलेलं गाणं मात्र त्याचं नाही, ते थर्ल रेव्हन्सक्रॉफ्टने म्हटलं आहे.

‘टार्गेट्स’ (1968) घडला तो हिशेबातून. निर्माता रॉजर कॉर्मनकडे कार्लॉफचे करारातले दोन दिवस शिल्लक होते. त्याने ते पीटर बोगदानोविच या नवख्या दिग्दर्शकाला दिले आणि अट घातली की जुन्या ‘द टेरर’मधला थोडा भाग वापर. कार्लॉफला पटकथा आवडली आणि तो दोनपेक्षा जास्त दिवस थांबला. भूमिका ऑर्लॉक नावाच्या वृद्ध भयपट-नटाची. त्याला वाटतं, वर्तमानपत्रातल्या खुनांपुढे आपले राक्षस आता कोणाला घाबरवणार? एका प्रसंगात तो हॉटेलच्या खोलीत टीव्हीवर स्वतःचाच जुना सिनेमा पाहतो, आणि तो असतो ‘द क्रिमिनल कोड’. शेवटी गाडीत बसून सिनेमा पाहायच्या ड्राइव्ह-इन थिएटरमध्ये बंदूकधारी तरुणाला पडद्यावरचा ऑर्लॉक आणि समोरून काठी टेकत येणारा ऑर्लॉक, दोन्ही एकदम दिसतात. कोणावर गोळी झाडावी ते त्याला कळत नाही. म्हातारा त्याच्या हातातली बंदूक काठीने उडवतो आणि थोबाडीत मारतो.

तेव्हा कार्लॉफ ऐंशीचा होता. पायाला आधाराच्या पट्ट्या होत्या, फुप्फुसं एम्फिसीमा या श्वासाच्या आजाराने निकामी होत आली होती, आणि दोन शॉट्सच्या मध्ये ऑक्सिजन लागे. 1968 मध्ये त्याने चार मेक्सिकन भयपट स्वीकारले. मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून 2,200 मीटरहून उंच, आणि तिथल्या विरळ हवेत त्याला श्वास पुरला नसता. म्हणून त्याचे सगळे प्रसंग लॉस एंजेलिसमध्ये वेगळे चित्रित केले, बहुतेक बसलेल्या अवस्थेत, आणि बाकीचा सिनेमा मेक्सिकोत जाऊन जोडला. 2 फेब्रुवारी 1969 ला इंग्लंडमध्ये मिडहर्स्टच्या इस्पितळात तो वारला. ते चारही सिनेमे त्याच्यानंतर पडद्यावर आले.